रामनदीचा कुठला तुकडा आधी हाती घ्यावा?

काठावरचा (धागाकर्ता)

मंडळी, पुण्याच्या पश्चिमेकडच्या काही सोसायट्यांचा आमचा गट आहे. रामनदीवर काम करायचं ठरलंय. सीएसआरमधून यंदा साधारण १२ लाख मिळतील, पुढच्या वर्षीही तेवढेच धरून चालू. रविवारी येणारी पंचवीस-तीस माणसं आहेत. नदी आहे अठरा-एकोणीस किलोमीटरची. खाटपेवाडीला उगम, मग भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी, बाणेर आणि औंधला मुळेत संगम. एवढ्या लांबीत १२ लाख म्हणजे दर्यात खसखस.

गटात तीन तट पडलेत. एक म्हणतो, जिथे नाक धरून जावं लागतं तिथून सुरू करा, लोकांना फरक दिसेल. दुसरा म्हणतो, पाषाण तलावातली जलपर्णी काढा. तिसरा म्हणतो, वर उगमाकडे चला, तिथे नदी अजून नदीसारखी आहे.

मला 'कुठे' हे ठरवायची रीत हवी आहे. काय मोजायचं, किती ठिकाणी, कुठल्या महिन्यात, आणि आकड्यांवरून निवड कशी करायची. 'जनजागृती करा' छापाचे सल्ले नकोत, ते आमच्याकडे पोत्यानं आहेत.

---

ओंजळभर

आधी नदीचे तुकडे पाडा, पण दर किलोमीटरला रेघ मारू नका. काहीतरी बदलतं तिथे तुकडा तोडायचा. नाला येऊन मिळाला, बंधारा आला, शेती संपून इमारती लागल्या, काठाला काँक्रीटची भिंत सुरू झाली, की नवा तुकडा. पाषाण तलाव वेगळा धरा, त्याचं गणित वाहत्या पाण्याचं नाही. असे वीस ते तीस तुकडे होतील. क्रमांक उगमाकडून खाली द्या. डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवा. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं नाही, तर दोन गटांच्या नोंदी एकमेकांच्या उलट येतात आणि सगळी वही रद्दीत जाते.

चालायचं दोनदा. एकदा मेमध्ये, एकदा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. मे महत्त्वाचा. त्या महिन्यात पात्रात जे वाहतं ते झऱ्याचं असतं, नाहीतर सांडपाणी, नाहीतर फुटलेल्या जलवाहिनीचं. पावसाचा पडदा नसतो.

हातात विद्युतवाहकता मोजायचा पेन ठेवा, हजार-दोन हजारांत मिळतो. दर २०० मीटरला एक नोंद. शिवाय प्रत्येक नाल्यापाशी तीन: नाल्याच्या वर नदीत, खुद्द नाल्यात, आणि खाली पाणी नीट मिसळल्यावर. पाणी काठाचं न घेता धारेतलं घ्या. बेसाल्टातल्या झऱ्याचं पाणी साधारण २०० ते ५०० मायक्रोसीमेन्स दाखवतं, मैलापाणी मिसळलं की आकडा चढतो. नेमका आकडा दुय्यम आहे. उडी बघायची. दोन नोंदींमध्ये अचानक १५०-२००ची उडी दिसली आणि वर नाला दिसत नसेल, तर त्या २०० मीटरमध्ये मागे फिरा. झाडीत दडलेला पाइप, नाहीतर तुंबून वाहणारं ड्रेनेजचं चेंबर सापडतं.

मग ओझं काढा. इथेच बहुतेक गट चुकतात, कारण ते नुसता बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात तो आकडा) बघतात. ओझं म्हणजे प्रवाह गुणिले तीव्रता. एक एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर) पाणी आणि लिटरला १ मिलिग्रॅम बीओडी म्हणजे दिवसाला १ किलो, इतकं सोपं.

प्रवाह मोजायला संत्रं सोडा. थर्माकोलचा तुकडा वाऱ्यानं पळतो, संत्रं जवळजवळ बुडून धारेबरोबर जातं. सरळ १० मीटरचा भाग निवडा, पाचदा सोडा, सरासरी घ्या. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून ०.८५नं गुणा. समजा १.२ मीटर रुंद, सरासरी १५ सेंटिमीटर खोल नाला आहे आणि १० मीटरला ३८ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला सुमारे ४० लिटर, दिवसाचे साडेतीन एमएलडीला किंचित कमी. बीओडी ८० निघाला तर ओझं २७५ किलो. शेजारी दुसरा नाला, सेकंदाला ६ लिटर, बीओडी २२०. ओझं ११४ किलो. दुसरा काळाकुट्ट आणि वासाचा, म्हणून सगळे फोटो त्याचे निघतात आणि पैसा तिथे जातो. नदीला मारतो तो पहिला, नुसता राखाडी दिसणारा.

दोन सावधगिऱ्या. नाले सकाळी ७ ते १० भरून वाहतात आणि दुपारी ओसरतात. सकाळच्या एका बाटलीवर दिवसाचं ओझं काढलं तर आकडा फुगतो. तीन-चार मोठ्या नाल्यांवर तरी सकाळी ६ ते रात्री १० दर दोन तासांनी प्रवाह मोजा आणि नमुना घ्या, प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. दुसरं, विद्राव्य ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी तो भरपूर दिसतो आणि पहाटे लिटरला २ मिलिग्रॅमवर आलेला असतो. मासे पहाटे मरतात.

अवांतर: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीवरून तुकडा निवडू नका. तिथले पाच प्राधान्यवर्ग बीओडीवरूनच लागतात, ३०च्या वर पहिला, ३ ते ६ पाचवा. २०१८च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते, त्यातले महाराष्ट्रात ५३. २०२२ला देशात ३११ आणि आपल्याकडे ५५. राज्याची तुलना करायला ठीक. पण ते आकडे ठरावीक तपासणी केंद्रांवरचे आहेत, अठरा किलोमीटरच्या ओढ्यातला तुकडा त्यातून दिसत नाही.

---

झिरपा

ओंजळभर यांचं गणित बरोबर आहे, पण निव्वळ त्या गणितावर चाललात तर ते दर वेळी मैलापाण्याकडेच नेईल. मैलापाण्याचं उत्तर १२ लाखांत बसत नाही. म्हणून दुसरी यादी तितक्याच काटेकोरपणे करा: अजून शिल्लक काय आहे?

पहिले झरे. बावधन परिसरात पात्रालगत जिवंत झरे आहेत, तसे आणखी कुठे आहेत ते मेमध्ये शोधा. धार बादलीत धरता येत असेल तर १० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. ८ सेकंदांत भरली तर सेकंदाला सव्वा लिटर, दिवसाला १ लाख ८ हजार लिटर. हा आकडा लक्षात ठेवा. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरलं, तर हजार माणसांचं सांडपाणी नेमकं एवढंच भरतं. असा झरा भरावाखाली गाडला गेला, की प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात मिसळायला चांगलं पाणी उरत नाही. बीओडी १०चं शुद्ध केलेलं पाणी आणि १चं झऱ्याचं समप्रमाणात मिसळलं तर साडेपाच होतो. झरा गेला तर दहाच राहतो, आणि आंघोळीयोग्य पाण्याची मर्यादा आहे ३.

दुसरं, खळाळ. दगडांवरून पाणी उड्या मारत जातं ती जागा. तिथे फूटभर पाण्यातले दहा दगड उचलून खालची बाजू बघा. चपटी, बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं किंवा वाळूच्या कणांचं नळीसारखं घर करून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या मिळाल्या, तर तो तुकडा जिवंत आहे. फक्त लालभडक अळ्या आणि गाळात वळवळणारे ट्यूबिफेक्स (दोऱ्यासारखे लाल किडे) मिळाले तर ऑक्सिजन गेलेला. बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं सांगतं, दगडाखालचे किडे मागच्या दोन-तीन महिन्यांचं. रात्री टँकर रिकामा होत असेल तर बाटलीत सापडणार नाही, पण किडे गायब झालेले दिसतील. दगड पुन्हा होता तसाच ठेवा.

तिसरं, काठ. शेरणी, लव्हाळा, वाळुंज, करंज, उंबर किती मीटर सलग आहेत आणि दोन्ही काठांना आहेत का, ते लिहा.

मग तुकड्यांच्या तीन चळती करा: शाबूत, सुधारण्याजोगे, हाताबाहेर गेलेले. आधी शाबूत राखा. त्यानंतर शाबूत तुकड्याला लागून असलेला सुधारण्याजोगा घ्या, म्हणजे चांगली लांबी सलग वाढत जाते आणि किडे, मासे, बिया आपोआप खाली उतरतात. दोन्ही बाजूंनी घाणीत अडकलेला ३०० मीटरचा तुकडा कितीही सजवला तरी तिथे यायला कोणी शेजारी नसतो.

थोडक्यात, तुमच्या तिसऱ्या तटाला माझं मत. 'वर सगळं छान आहे, मग तिथे काम काय?' असं विचारतील. वरच्या भागातच प्लॉटिंग, भराव आणि राडारोड्याचे डंपर सर्वांत वेगानं येतात. तिथे राखणं स्वस्त पडतं.

---

काठावरचा

दोघांचे आभार, याच पातळीवरचं हवं होतं. एक उपप्रश्न. एका पुरवठादाराचा प्रस्ताव आलाय: मोठ्या नाल्याच्या तोंडाशी २०० चौरस मीटरचा खडी आणि कर्दळीचा वाफा, पाणी त्यातून जाऊन स्वच्छ होईल. बजेटमध्ये बसतंय. घ्यावा का? आणि जलपर्णीचं काय, तलावावरचा तट ऐकत नाहीये.

---

मैलाचा दगड

वाफ्याचं गणित ओंजळभर यांच्याच नाल्यावर करू. २०० चौरस मीटर, खडी ६० सेंटिमीटर खोल, खडीतली पोकळी ४० टक्के. पाणी मावलं ४८ घनमीटर. नाला तासाला १४४ घनमीटर आणतो. पाणी वाफ्यात राहिलं २० मिनिटं. अशा वाफ्यात पाणी किमान दीड-दोन दिवस थांबावं लागतं, तेही आधी गाळ खाली बसवून घेतल्यावर. उष्ण हवेत माणशी एक-दोन चौरस मीटर जागा धरतात. साडेतीन एमएलडी म्हणजे बत्तीसेक हजार माणसांचं पाणी, तेव्हा किती एकर लागतील ते बघा. प्रत्यक्षात होतं असं: पहिल्या महिन्यात तरंगता कचरा अडतो, पाणी नितळ दिसतं, उद्घाटन होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खडीत गाळ बसून वाफा तुंबतो, पाणी वरून वाहू लागतं. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात खडी आणि कर्दळ दोन्ही नदीत.

वाफा वाईट नाही, जागा चुकीची आहे. ड्रेनेज लाइन पोचण्याची शक्यता नसलेली दीडशे-दोनशे माणसांची वस्ती, पुराबाहेर मोकळी जागा, आधी सेप्टिक टँक, आणि गाळ उपसण्याची जबाबदारी कोणाची हे कागदावर. तिथे हाच वाफा चालतो. नाल्यात ओतायच्या जिवाणूंच्या ड्रमचंही तेच. वाहत्या पाण्यात ते मुक्कामाला थांबत नाहीत.

मोठ्या नाल्यावर तुमचे पैसे शोधात घाला, बांधकामात नको. नाल्याच्या तोंडापासून उलटं वर चालत जा, चेंबरगणिक. नाल्याचा प्रवाह तिथल्या लोकसंख्येच्या हिशोबापेक्षा बराच जास्त निघाला तर त्यात झऱ्याचं किंवा गळणाऱ्या जलवाहिनीचं पाणी आहे. बराच कमी निघाला तर काही घरं ड्रेनेज लाइनला जोडलेली आहेत किंवा सेप्टिक टँकवर आहेत. पुण्यासाठी २०१६ साली मंजूर झालेल्या जायका (जपानी कर्जावरच्या नदीसुधार) प्रकल्पात ११ शुद्धीकरण केंद्रं आहेत, एकूण क्षमता ३९६ एमएलडी. केंद्र उभं राहिलं तरी शेवटचे ५० मीटर जोडले नाहीत तर मैला नाल्यातच जातो. 'अमुक चेंबर, अमुक इमारतीमागे, लाइन तुटलेली, प्रवाह सेकंदाला इतका' असा नकाशा घेऊन गेलात तर प्रभागातला अभियंता कामाला हात घालू शकतो. 'नदी घाण आहे' या अर्जावर तो काहीच करू शकत नाही. सल्ला असा: मेच्या फेरीनंतर असे दहा बिंदू काढा आणि वर्षभर तेवढ्याच दहांचा पाठपुरावा करा.

भूगाव-भुकूमसारख्या ग्रामपंचायत हद्दीत पत्ता बदलतो. तिथे ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). महापालिकेचा अर्ज तिकडे चालत नाही.

जलपर्णी: उन्हाळ्यात पोषक पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. दहा टक्के मागे राहिली तर सातेक आठवड्यांत तलाव पुन्हा हिरवा. बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी, म्हणजे तुम्ही डंपरनं पाणीच वाहून नेताय. आणि काढलेली काठावर ढीग घालून ठेवली की पहिल्या पावसात परत आत. तलावात येणारं नत्र-स्फुरद वरून थांबत नाही तोवर हे भाड्याचं घर रंगवण्यासारखं आहे. तलावाच्या तटाला शेपटीकडचं, म्हणजे नदी तलावात शिरते तिथलं काम द्या. तलावात कुठून काय शिरतं ते मोजायला तीच माणसं लागणार आहेत.

---

गावनकाशा

कोणी कागदांबद्दल बोललेलं नाही, आणि चांगले तुकडे तिथेच हातचे जातात.

गाव नकाशावर नदीच्या पात्राला बहुधा गट क्रमांक नसतो, दोन रेघांमधली मोकळी जागा असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०नुसार नद्या-नाल्यांची पात्रं शासनाची. पण काठ कोणाचा, हा वेगळा प्रश्न. शेजारच्या गटाचा सातबारा काढा आणि मोजणीच्या नकाशात हद्द कुठवर येते ते बघा. अनेकदा नदी सरकलेली असते आणि आजचा काठ कागदावर कोणाच्या तरी शेतात असतो. तिथे तुम्ही २०० झाडं लावलीत, तर तिसऱ्या वर्षी मालक कुंपण घालतो आणि कायद्यानं तो बरोबर असतो.

निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभागाकडून. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. पात्र आणि निळी रेषा यांमध्ये बांधकाम निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित. तुमच्या कुठल्या तुकड्यात निळ्या रेषेच्या आत मोकळी जमीन अजून शिल्लक आहे, ते नकाशावर रंगवा. ऑक्टोबर २०१०च्या पावसात पाषाण-बाणेर भागात ही नदी किती फुगू शकते ते सगळ्यांनी पाहिलंय. पूर पसरायला मोकळी जागा असलेला तुकडा गेला तर तो परत विकत घेता येत नाही, म्हणून पाणी घाण असलं तरी तो वरच्या यादीत यायला हवा. झिरपांच्या तीन चळतींमध्ये ही गोष्ट निसटते.

आणि 'खोलीकरण-रुंदीकरण' या नावाखाली कुठलंही मशीन पात्रात घालू नका, फुकट मिळालं तरी. पोकलेन खळाळ सपाट करतं, शेरणी उपटतं, काठाचा पाया मोकळा करतं. पुढच्या पुरात काठ ढासळतो, मग भिंतीची मागणी येते.

---

ओंजळभर

गावनकाशा यांचा मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिलाच होता. निवडीबद्दल एवढंच. तुकड्यांना ० ते ३ गुण देऊन बेरीज करायची सवय असते, ती टाळा. काठ ३, किडे ३, झरे ३ आणि जागेचा ताबा ०, तरी बेरजेत तुकडा वर येतो आणि काम होत नाही. आधी तीन प्रश्नांची चाळणी लावा. जागेवर काम करू देतील का? वरून येणारी घाण या कामाला दोन वर्षांत गिळणार नाही ना? दोन पावसाळे हे टिकेल का? एकालाही 'नाही' आलं तर तो तुकडा यंदा बाजूला. उरलेल्यांत गुण द्या, आणि मूल्याला धोक्यानं गुणा. मूल्य ३, धोका ० असेल तर तिथे नुसती नजर ठेवायची. मूल्य ३, धोका ३ असेल तर पहिला हात तिथे.

पैशाची ढोबळ वाटणी: पहिल्या वर्षी मोजणी, नकाशे आणि प्रयोगशाळा यांवर दोन-अडीच लाख, हे आधी बाजूला काढा. राखणदारीवर, म्हणजे हद्दीचे दगड, डंपर अडवायला आडवे खांब, महिन्याकाठी एक फेरी, यावर तीन-साडेतीन. उरलेलं फक्त एका सुधारण्याजोग्या तुकड्यावर. दोन नको.

---

झिरपा

त्या एका तुकड्यात लागवड करणार असाल तर ५ जूनला करू नका. पाण्यालगतची जूनमधली रोपं जुलैच्या पुरात जातात. धार ओसरत असताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन-तीन फूट लांबीच्या फांद्या ओल्या काठात दोन तृतीयांश खोचा, डोळे वरच्या दिशेला, टोक प्रवाहाच्या दिशेनं थोडं कललेलं. पुढच्या पुराआधी मुळं धरायला आठ महिने मिळतात. खडकाळ पात्रात शेरणी, चिखलाच्या कडेला लव्हाळा. करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर वरच्या पायरीवर, तिथे मात्र जूनची लागवड चालते. फांद्या त्याच नदीच्या वरच्या शाबूत तुकड्यातून घ्या, एका झाडाच्या चार-पाचपेक्षा जास्त नको. सुबाभूळ दिसलं तर शेंगा धरायच्या आत काढा. नुसतं तोडलं तर बुंध्यातून फुटतं, मुळासकट काढावं लागतं, आणि ते मोठं होण्याआधीच जमतं.